परदेशी शिकवण्याच्या ‘लायसन्स पॅकेज’ला अडीच तारे

आधी एकच तारा देणार होते. दीड तारा वाढला तो कागदपत्रांच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंमुळे. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय.

मी रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी., बी.एड., शाळेत बारा वर्षं. बाहेर जाऊन शिकवायचं मनाने घेतलं आणि शोधता शोधता एका कन्सल्टन्सीत जाऊन पोचले. नाव लिहीत नाही, परताव्याचं घोंगडं अजून भिजत पडलंय. पॅकेजमध्ये तीन गोष्टी होत्या: समुपदेशन, ‘आंतरराष्ट्रीय टीचिंग लायसन्स’ आणि कागदपत्रांची तयारी. फी माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. गोम मधल्या गोष्टीत होती आणि ती कळायला मला चार महिने लागले.

समुपदेशक मुलगा गोड बोलणारा. म्हणाला, “मॅडम, हे लायसन्स एकदा हातात आलं की जगात कुठेही शिकवा.” प्रत्यक्षात आला तो १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स. म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून कशी शिकवायची त्याचा. कोर्स म्हणून वाईट नाही. ज्याला चीनमध्ये इंग्रजी शिकवायचंय त्याला व्हिसाच्या कागदांत असं प्रमाणपत्र उपयोगी पडतं. पण मी शिकवते आवर्त सारणी! आणि मुख्य म्हणजे ते लायसन्सच नाही. कोर्स संपल्याचा तो दाखला. शिकवायचा परवाना देते ती जिथे शिकवायचंय तिथली यंत्रणा. दुसऱ्या कुणाला तो देताच येत नाही. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

आधी ऑस्ट्रेलिया ठरवलं. मुलगा म्हणाला, आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, सगळीकडे सात आले की झालं. मी दिली. बाकी सगळं छान, बोलण्यात साडेसात. त्यानेच पेढे मागितले. घरी येऊन एआयटीएसएलचे नियम मी स्वतः उघडले. शिक्षकांची पात्रता तपासणारी ही तिथली संस्था. वाचन-लेखनाला सात, पण बोलणं आणि ऐकणं या दोन्हींत आठ हवेत! शिवाय देखरेखीखाली घेतलेल्या सरावपाठांचे किमान ४५ दिवस कागदावर दाखवायचे. आमच्या बी.एड.च्या गुणपत्रिकेत ‘सरावपाठ’ एवढा एक शब्द आणि पुढे गुण. दिवस किती, हे कुठेच नाही. आणि हे सगळं जुळलं असतं तरी ती तपासणी स्थलांतरासाठी. वर्गात उभं राहायला त्या त्या राज्याची नोंदणी वेगळी करावी लागते, व्हिक्टोरियाची निराळी, न्यू साउथ वेल्सची निराळी.

इथे त्या ताई आल्या. आतल्या खोलीत, दोन कपाटांच्या मधे त्यांचं टेबल. माझी फाइल त्यांनी पानापानाने उलटली आणि पाचव्या मिनिटाला विचारलं, “पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि अनुभवाच्या दाखल्यावर नुसती आद्याक्षरं. या तिघी एकच आहेत हे तिकडच्या माणसाला कोण सांगणार?” चार महिन्यांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. नावबदलाचं शपथपत्र, विवाहनोंदणीचा दाखला, सगळं त्यांनी करवून घेतलं. स्कॅन पाहून म्हणाल्या, खालचा शिक्का अर्धा कापलाय, परत काढा. कॉलेजकडून पत्र आणलं तर त्यात ‘विद्यार्थिनीचे वर्तन चांगले होते’. त्यांनी ते माझ्यासमोर बाजूला ठेवलं. “वर्तन नकोय. कुठल्या शाळेत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, कोणता विषय. लेटरहेडवर, सहीखाली नाव आणि हुद्दा.” कॉलेजला तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला क्लार्कने जुनं रजिस्टर काढलं, तेव्हा कुठे तारखा मिळाल्या.

इंग्लंडचा रस्ताही त्यांनीच दाखवला. क्यूटीएस, म्हणजे तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने हा अर्ज आणखी काही देशांच्या शिक्षकांना खुला केला. घाना, हाँगकाँग, भारत, जमैका, नायजेरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, युक्रेन, झिम्बाब्वे. यातल्या आपल्यासारख्यांना अट अशी की ११ ते १६ वर्षांच्या मुलांना शिकवायची पात्रता हवी आणि विषय गणित, विज्ञान किंवा भाषा. इतिहासाच्या माझ्या मैत्रिणीचा पत्ता तिथेच कट झाला. माझं रसायन बसलं. पदवी, शिक्षक-प्रशिक्षण, त्यानंतर किमान नऊ महिने शिकवल्याचा अनुभव आणि इंग्रजी बी-टू पातळीचं, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर मध्यमाच्या वरचं. इंग्रजीसाठी दरवेळी परीक्षा लागतेच असंही नाही, शिक्षण इंग्रजीतून झाल्याचं संस्थेचं पत्र चालतं. मी पेढ्यांसकट आयईएलटीएस देऊन बसले होते, ते सोडा.

मी अर्ज केला तेव्हा त्या सरकारी सेवेला फी नव्हती. नीट वाचा: फी नव्हती. मी पैसे मोजले ते मधल्या माणसांना. त्या संकेतस्थळाला मी वेगळे साडेचार तारे देईन. प्रश्न एकेक करून येतात, भाषा सरळ, अर्धवट भरून ठेवता येतं. अर्धा तारा कापला तो शाळेकडून खात्री करून घ्यायच्या पद्धतीसाठी. माझ्या अनुभवाची चौकशी ईमेलने थेट मुख्याध्यापकांकडे आली, आणि सरांच्या स्पॅममध्ये लॉटरीच्या मेलांखाली तीन आठवडे पडून राहिली. सर अशी मेल उघडत नाहीत, फसवणूक समजतात. शेवटी मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. अर्ज करणार असाल तर शाळेला आधी सांगून ठेवा.

हा दर्जा फक्त इंग्लंडचा, हेही समुपदेशकाला ठाऊक नव्हतं. “यूके म्हणजे यूके,” म्हणाला. स्कॉटलंडमध्ये शिकवायचं तर तिथल्या जनरल टीचिंग कौन्सिलकडे वेगळी नोंदणी, आणि ती काही कालची नाही, कौन्सिल १९६५ पासून आहे. वेल्सचंही स्वतंत्र. शिवाय क्यूटीएस म्हणजे नोकरीही नाही, व्हिसाही नाही. शाळा शोधायची आपण, मग तिने व्हिसासाठी प्रायोजक व्हायचं. गंमत म्हणजे इंग्लंडच्या खासगी शाळांवर क्यूटीएस असलेलेच शिक्षक घ्यायची कायद्याने सक्ती नाही. तरी जाहिरातीत बऱ्याचजणी मागतात.

माझ्यासोबत रांगेत बसणाऱ्या एका सरांचं जास्त वाईट झालं. त्यांना अमिरातीत जायचं होतं. काउंटरवरून त्यांच्या पदवीवर अपोस्टिल करून दिलं, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशासाठीची सरकारी खूण, छान स्टिकर वगैरे. अपोस्टिल चालतं ते १९६१ च्या हेग कराराला बांधील असलेल्या देशांत. अमिराती त्यात नव्हती. तिथे दूतावासाचा शिक्का लागतो आणि मग त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. सगळं पुन्हा. सरांनी आवाज चढवला तर मुलगा म्हणतो, “सर, स्टिकर तर ओरिजिनल आहे ना?”

माझं क्यूटीएस आलं. मुलाखती चालू आहेत. टेफलचं प्रमाणपत्र कुठल्याच शाळेने मागितलेलं नाही.

तारे असे मोजलेत. ताईंच्या टेबलाला पाच, समुपदेशनाला एक, ‘लायसन्स’ला शून्य. सरासरी याहून कमी येते हे मलाही कळतं, पण नावाचा घोळ तसाच तिकडे गेला असता तर अर्ज तिथेच अडकला असता, म्हणून अडीच. मी विचारलं होतं, नुसती कागदपत्रांची तपासणी मिळेल का. काउंटरवर ‘नाही’ म्हणाले, पॅकेजच घ्यावं लागतं. ताईंना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या आणि पुढची फाइल ओढली.

कोर्सचे पैसे परत मागितलेत, लेखी, दोनदा. पहिल्या पत्राला उत्तर आलं की विषय ‘विचाराधीन’ आहे. दुसऱ्यानंतर त्याच समुपदेशकाचा फोन आला, गूगलवर पाच तारे द्याल का म्हणून. दिले तर परताव्याचं ‘बघतो’ म्हणाला. मी अडीच दिलेत. तो काय बघतो ते इथेच लिहीन.