टेबलावरचा लॅपटॉप: केबल लॉक, लॉकर की माग काढणारे साधन?

कोवर्किंगमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या कार्यालयात, जागा घेताना इंटरनेटचा वेग, पार्किंग आणि चहा-कॉफी यांची चौकशी सगळेच करतात. टेबलावरचा लॅपटॉप गेला तर भरपाई कोणाची, हे करारात शोधणारे मात्र थोडे. सदस्यांच्या वस्तूंची जबाबदारी चालकाची नाही, असे कलम अशा करारांत सहसा असते. दाराशी कार्ड लावावे लागते खरे, पण पुढच्याने शिष्टाचार म्हणून दार धरून ठेवले की मागचा विनाकार्ड आत येतो आणि त्याला हटकण्याचा संकोच सर्वांनाच वाटतो. राखण आपली आपणच करायची, हे एकदा मान्य केले की कोणते साधन घ्यावे हा प्रश्न उरतो. माझ्या मते त्याचे उत्तर लॅपटॉपच्या किमतीपेक्षा आपण जागेवरून किती वेळ उठतो, यावर अधिक अवलंबून असते.

पाच-दहा मिनिटांसाठी उठणाऱ्याला केबल लॉकइतके सोयीचे दुसरे काही नाही. लॅपटॉपच्या कडेला जी छोटी आयताकृती खाच असते, तिच्यात कुलपाचे टोक घालून फिरवले की ते आत अडकते, आणि पोलादी केबलचा फास टेबलाला बसतो. मात्र खरेदीपूर्वी खाच नीट पाहावी. केन्सिंग्टन पद्धतीची जुनी खाच सुमारे ७ बाय ३ मिलिमीटरची असते, नंतरची नॅनो खाच ६ बाय २.५ ची, आणि डेलच्या अनेक यंत्रांत पाचरीच्या आकाराची वेगळीच. एकीचे कुलूप दुसरीत बसत नाही. मॅकबुक एअरला अशी खाच कधीच नव्हती, आणि २०१२ च्या रेटिना मॉडेलपासून मॅकबुक प्रोचीही गेली, त्यामुळे तेथे वेगळी पट्टी किंवा अडॅप्टर जोडावा लागतो.

कुलपाचा खरा कच्चा दुवा बहुधा टेबलाकडे असतो. फास नुसता पायाभोवती टाकला, तर टेबल थोडे उचलून तो खालून सरकवून काढायला काही सेकंद पुरतात. म्हणून केबल दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या दांडीभोवती किंवा दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या चौकटीतून घ्यावी. आकड्यांचे कुलूप घेतल्यास कारखान्यातून आलेला ०००० बदलावा, आणि लावताना एकच चकती एक घर फिरवण्याची आळशी सवय टाळावी. गोल नळीसारख्या किल्लीची स्वस्त कुलपे मी तरी सुचवणार नाही: त्याच जातीची सायकलची कुलपे बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात, हे २००४ मध्ये अमेरिकेत उघड झाले होते. चांगली केबलही मोठ्या कटरपुढे टिकत नाही. तिचा उपयोग एवढाच, की लॅपटॉप काखेत मारून सहज चालू लागणाऱ्याला थांबावे लागते, आणि भरल्या खोलीत तेवढे बऱ्याचदा पुरते.

जेवणासाठी तासभर बाहेर जाणार असाल किंवा यंत्र रात्रभर तेथेच ठेवणार असाल, तर मात्र केबलवर विसंबू नये. तेव्हा लॉकर सरस, कारण वस्तू नजरेआड जाते. पण प्लायचे दार आणि त्याला लावलेले साधे कुलूप जाड स्क्रूड्रायव्हरला फार काळ दाद देत नाही, तेव्हा दार ठोकून पाहण्यात संकोच कसला? डिजिटल लॉकर असल्यास मास्टर कोड किती जणांकडे आहे आणि सदस्य सोडून गेल्यावर कोड बदलतात का, हे व्यवस्थापकाला विचारावे. लॉकरची मोठी अडचण अशी, की चहाला उठताना चार्जर, माउस, केबल गोळा करून कोणी लॉकरपर्यंत जात नाही.

माग काढणारी साधने चोरी थांबवत नाहीत, आणि त्यांतही फरक आहे. ॲपलचे फाइंड माय हे आसपासच्या इतरांच्या ॲपल उपकरणांच्या मदतीने इंटरनेटविना असलेल्या मॅकचेही ठिकाण दाखवू शकते, आणि टी२ ही सुरक्षा चिप किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या मॅकवर ॲक्टिव्हेशन लॉक (मालकाच्या ॲपल खात्याशिवाय यंत्र नव्याने सुरू होऊ न देणारी सोय) असल्याने ते विकणे अवघड होते. विंडोजमधील सोय यापुढे तोकडी आहे: आधीपासून चालू केलेली असावी लागते, यंत्र नेटवर आले तरच नवे ठिकाण कळते, आणि दुरून लॉक करता आले तरी माहिती पुसता येत नाही. बॅगेत एअरटॅग (ॲपलचा माग काढणारा छोटा बिल्ला) टाकणे स्वस्त पडते, पण अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही देतात, म्हणजे चोरालाही ती मिळते.

वरीलपैकी काहीही निवडा, पण डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे त्यातील माहिती किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवणे, त्याआधी चालू करा. ते फुकट आहे, आणि ग्राहकांची कागदपत्रे बाळगणाऱ्या सीए किंवा वकिलाला यंत्रापेक्षा त्यातील माहितीच महाग पडते. एन्क्रिप्शन नसेल तर एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की लॉगिनचा पासवर्ड निरुपयोगी ठरतो. मॅकवर फाइलव्हॉल्ट, विंडोज प्रोवर बिटलॉकर आणि होम आवृत्तीच्या पात्र यंत्रांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळते. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की (डिस्क उघडण्याचा राखीव क्रमांक) त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये, आणि लॉकरमध्ये ठेवताना यंत्र स्लीपवर न सोडता पूर्ण बंद करावे.

विमा घेणाऱ्याने चोरीचे कलम शब्दशः वाचावे, कारण बेवारस ठेवलेली वस्तू किंवा कुलूप फोडल्याच्या खुणा नसलेली चोरी अनेक पॉलिसी वगळतात. तेथे कापलेली केबल हाच पुरावा होतो. उत्पादकाची नेहमीची वॉरंटी चोरीसाठी नसतेच. मोबाइल त्याच्या आयएमईआय या ओळख क्रमांकावरून सरकारच्या संचार साथी पोर्टलमार्फत बंद पाडता येतो, तशी सोय साध्या लॅपटॉपला नाही. म्हणून तळाचा सिरीयल नंबर आणि बिल यांचे फोटो दुसरीकडे जपून ठेवावेत, कारण एफआयआरमध्ये आणि विम्याच्या दाव्यात यंत्राची ओळख त्यावरूनच पटवावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार चोरीची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते.