आयटी पार्कातला शो की फॅक्टरीतला?

ठाण्यात राहून गेली अकरा वर्षं कंपन्यांमधे मोटिव्हेशनल टॉक प्लस मिमिक्री असा शो करतोय आणि नवीन पोरं हमखास विचारतात, दादा आयटीवाल्यांचे शो घेऊ की फॅक्टरीचे?

ऐरोलीच्या आयटी पार्कात एसी, प्रोजेक्टर, कॉलर माईक सगळं तयार, पैसेही जास्त, पण निम्मं पब्लिक मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतं आणि जेवण लागलं की मागची रांग आधी उठते.

रबाळे-महापेच्या फॅक्टऱ्यांचं वेगळंच. तिथे सीझन मार्चचा, कारण 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, 1966 साली याच तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल सुरू झाली, मुख्यालय आपल्या बेलापूरलाच आहे. शिफ्ट सुटताना पत्र्याच्या शेडमधे शो, मागे कॉम्प्रेसर चालूच, स्पीकर एकच, घसा पार बसतो. पण मागच्या वर्षी तिथल्या सुपरवायझरची नक्कल केली (आधी विचारून!) तर तेच डोळे पुसत हसत होते, आणि नंतर एक वेल्डर काका जवळ आले, मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला न म्हणाले, हे पण सांगत जा पोरांना. तेव्हापासून प्रत्येक फॅक्टरी शोमधे ग्लोव्हजचं सांगतोच. मनापासून मला हेच शो आवडतात.

पेमेंटमधून टीडीएस दोन्हीकडे कापतात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मागायचा हक्क मिळतो. आणि आयटीवाल्यांकडे पीओ नंबर (कंपनीच्या लेखी पर्चेस ऑर्डरचा नंबर) हातात आल्याशिवाय स्टेजवर चढू नका, माझं एक बिल त्यापायी पाच महिने अडकलं होतं.