एकच दिवस हाताशी असेल तर: थर्मोपिली की सलामिस?

अथेन्सला मुक्काम आहे, एक दिवस रिकामा आहे आणि इसवीसनपूर्व 480, म्हणजे पर्शियाच्या ग्रीसवरच्या स्वारीचं साल, डोक्यात घोळतंय, अशांसाठी हे लिहितोय. थर्मोपिलीच्या खिंडीत ग्रीकांनी पर्शियन फौज अडवली, सलामिसच्या समुद्रात त्यांचं आरमार हरवलं. स्पार्टाचा राजा लिओनिडास, पर्शियाचा सम्राट झर्क्सिस, अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लिस ही मंडळी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. मॅरेथॉनची लढाई दहा वर्षं आधीची, ती पुन्हा कधीतरी.

थर्मोपिली साधारण 200 किलोमीटरवर, म्हणजे दिवस त्यातच गेला. लिओनिडासचा पुतळा झोकात आहे. शेजारी थेस्पिया या ग्रीक नगरीच्या 700 जणांचं स्मारक आहे, तेही पार 1997 मध्ये उभारलेलं. शेवटच्या दिवशी तेही थांबले होते, पण आपल्या तोंडी मात्र लिओनिडासच्या 300 स्पार्टनांचाच आकडा. ग्रीकांनी शेवटची झुंज दिली त्या कोलोनोसच्या टेकाडावर 1939 च्या उत्खननात बाणांची टोकं सापडली. तिथे उभं राहिल्यावर जरा गप्प व्हायला होतं, हे कबूल.

पण खिंड कुठेय? आपल्या मनातली खिंड म्हणजे पावनखिंड. इथला प्रकार वेगळा होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र आणि मधे काही ठिकाणी जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. त्यानंतर स्पेर्खिओस नदी अडीच हजार वर्षं गाळ ओतत राहिली आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटला. आता डोंगर आहे, रस्ता आहे, ट्रक आहेत आणि पुढे सपाट शेतं. बायको म्हणाली, "एवढ्या मोकळ्या जागेत यांनी अडवलं कुणाला? बाजूने निघून नाही का जाता येत?" मी हातवारे करून समुद्र दाखवत राहिलो. तिला काही तो दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. ज्या गरम झऱ्यांवरून जागेला नाव पडलं ते अजून वाहतात, गंधकाचा वास येतो. तेवढंच काय ते जागेवर.

सलामिस हे अथेन्सजवळचं बेट, वाट दिसायला कुरूप. अथेन्सचं बंदर पिरेअस, तिथून बसने पेरामाच्या फेरीधक्क्याला जायचं, तर वाटेत गंजकं लोखंड, क्रेन, जहाजदुरुस्तीचे कारखाने. जवळच्या प्सिटालिया बेटावर अथेन्सच्या अरिस्टाइडिसने पर्शियन तुकडी कापून काढली, तिथे आज अथेन्सच्या सांडपाण्याचा प्रकल्प आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर नौदलाचा तळ, त्यामुळे कॅमेरा जपूनच काढावा.

तरीही पेरामाहून सलामिस बेटावरच्या पालुकियाला जाणाऱ्या फेरीबोटीत बसा. पंधरा मिनिटांचा प्रवास. मधोमध असताना समोरून दुसरी फेरीबोट आली आणि आमच्या चालकाने वेग कमी केला. दोन्ही किनारे हाताच्या अंतरावर वाटत होते. थेमिस्टोक्लिसने खोटा निरोप धाडून पर्शियन आरमार याच चिंचोळ्या पाण्यात ओढलं. जहाजं कितीही असोत, इथे एका वेळी शिरणार किती? आणि पुढच्याला मागे फिरायचं झालं, तर मागचा त्याच्या अंगावर येणार. बायकोला काही समजावून सांगावं लागलं नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर असं. ज्यांची स्वतःची गाडी आहे, डेल्फीला मुक्काम आहे, त्यांनी वाट वाकडी करून थर्मोपिलीला जायला हरकत नाही. मुलांना पुतळ्यासोबत फोटो हवा असेल तर प्रश्नच मिटला. मात्र दिवस एकच असेल तर मी पुन्हा पेरामाचीच बस पकडेन. परतीच्या फेरीत गाड्यांच्या डेकवर थांबू नका, वर जा आणि समोर एगालेओ डोंगराकडे बघत राहा. झर्क्सिस लढाई बघायला बसला होता तो त्याच डोंगराच्या उतारावर.