सही करू का एकटाच गाऊ?

भाच्याचा दारव्ह्याकडून फोन आला. "मामाजी, गाण्याच्या कंपनीचा कागद आला हाये. सही करू का एकटाच गाऊ?" पोट्टा वऱ्हाडीत रॅप करतो. कागद नऊ पानांचा, सगळा इंग्रजीत. मी दोन रात्री तो उलटसुलट वाचला.

माझा कल आधीच सांगून टाकतो. कॅसेटच्या काळात मीही एक सही केली होती. आठ भीमगीतं दिली, एकरकमी पैसे घेतले. वेष्टनावर गायकाचा फोटो आला, माझं नाव कुठंच नाही. आजही १४ एप्रिलला त्यातलं एक गाणं डीजेवर वाजतं आणि मी गर्दीत उभा राहून ऐकतो.

तरी कंपनीची बाजू खोटी नाही. चांगला व्हिडिओ, जाहिरात, ओळखीच्या गायकासोबत एखादं गाणं, शहरातले कार्यक्रम. गावात बसून हे जमवायला बापाच्या एका हंगामाची कमाई जाते. पैसे आधी हातात येतात, हेही लहान नाही.

प्रश्न बदल्यात काय जातं याचा. गाणं म्हणजे दोन वेगळ्या मालमत्ता असतात : शब्द-चाल एक, रेकॉर्डिंग दुसरी. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, रेकॉर्डिंगचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. २०१२च्या दुरुस्तीनं रॉयल्टीत गीतकाराला हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा कायद्यात बांधून दिला. तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (लेखकांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सोडून कोणाच्या नावे करून देता येत नाही. मला हे तेव्हा मिळालं असतं तर! पण तो वाटा शब्दांचा. रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, लिहून दिलं की गेलं. भाच्याच्या कागदात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे दोन शब्द तिसऱ्याच पानावर होते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते शब्द आठवणीनं टाकतात.

एकट्याच्या वाटेवर कमाई बारीक आहे, हे त्याला स्पष्ट सांगितलं. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याचा हिशेबच सुरू होत नाही. यूट्यूबच्या जाहिरातीत वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या व्हिडिओंचे, एक कोटी व्ह्यूज. गाणी सगळीकडे चढवणाऱ्या सेवांचेही दोन प्रकार. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेते, कमाईला हात लावत नाही. पण फी थांबली की गाणी उतरू शकतात, ती कायम राहावीत म्हणून वेगळे पैसे भरावे लागतात. सीडी बेबी एकदाच फी घेते आणि कमाईतले नऊ टक्के कापते. ज्याच्या घरी पैसा दिवाळीनंतर कापसासोबत येतो, त्यानं वर्षाच्या फीच्या भरवशावर गाणी ठेवू नयेत. मी नऊ टक्के देईन.

आणि बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं संगीत! यूट्यूबवरून फुकट उचललेली बीट असेल तर दोन्ही रस्ते बंद. कंपनी घेणार नाही, एकट्यानं टाकलं तर बीटच्या मालकाचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो. बीटची पावती आधी.

भाच्याचा देव म्हणजे लॉस एंजेलिसचा रॅपर निप्सी हसल. त्यानं २०१३मध्ये 'क्रेनशॉ' हा गाण्यांचा संग्रह लोकांना फुकट ऐकवला आणि त्याच्याच हजार सीडी शंभर-शंभर डॉलरला विकल्या. मोठ्या कंपनीतून तो आधीच बाहेर पडला होता. पुढं २०१८च्या 'व्हिक्टरी लॅप' या अल्बमसाठी अटलांटिक या मोठ्या कंपनीशी जुळवून घेतलं, पण स्वतःची 'ऑल मनी इन' कंपनी भागीदार ठेवून. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च २०१९ला, तेहतिसाव्या वर्षी त्याला गोळ्या घातल्या. भाचा त्यातलं फक्त 'एकटा लढला' एवढंच सांगतो. मला भागीदारीचा भाग जास्त कामाचा वाटतो. सही त्यानंही केली, पण आधी स्वतःचं काहीतरी उभं करून.

मागे काय उरतं म्हणाल तर मला आपलेच लोक आठवतात. तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी 'तुकड्यादास' येतो, वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन'. कॅसेटवर नाव छापा की नका छापू, गाणाऱ्याला ते घ्यावंच लागतं. रॅपर पोट्टे गाण्याच्या सुरुवातीला स्वतःचं नाव ओरडतात, त्याला मी हसायचो. आता हसत नाही. माझ्या आठही गाण्यांत नाममुद्रा नव्हती. भाच्याला म्हटलं, नाव सुरुवातीला ओरडू नको, तेवढा भाग लोक कापून टाकतात, यमकात बसव.

हिंदीत गावं का? कंपनीला तेच हवंय. पण त्याची 'कायले' आणि 'मले'वरची यमकं हिंदीत मरतात. यावर मी फार बोललो नाही, तोच ऐकत नाही.

सध्या त्यानं कागद परत पाठवलाय : एकाच गाण्यापुरता करार, पाच वर्षं, लेखक म्हणून नाव. उत्तर आलेलं नाही. तोवर घरातल्या कापसाच्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्डिंग चाललंय. छतापर्यंत कापूस, आवाज जरासुद्धा घुमत नाही. भाव वाढेपर्यंत विकायचा नाही असं भाऊजींनी ठरवलंय, त्याच्या आत दोन गाणी उरकायची आहेत.