घरच्या पार्किंगला टाइल की पेव्हर ब्लॉक?

बंगल्याचं किंवा रो-हाउसचं पार्किंग करताना गवंडी हे दोनच पर्याय पुढे ठेवतो. दिसायला पार्किंग टाइल सरस, यात वाद नाही. पाणी मारलं की स्वच्छ, ऑइलचा थेंब पडला तरी पुसून निघतो. पेव्हर ब्लॉक सच्छिद्र असतो, ऑइल आत मुरलं की डाग राहतोच.

पण खरा प्रश्न खालच्या जमिनीचा आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट) करून टाइल बसवली आणि पीसीसीला तडा गेला, की तो टाइलमध्येही उमटतो. बसवताना टाइलखाली सिमेंटचा माल नीट भरला नसेल तर ती पोकळ राहते आणि नेमकी चाकाखाली फुटते. लाकडी दांड्याने ठोकून बघा, पोकळ टाइलचा आवाज लगेच वेगळा येतो. मिस्त्री तिथे असतानाच ती बदलून घ्या.

पेव्हर खडीच्या थरावर, बारीक वाळूत बसतो. जमीन खचली तर तेवढेच ब्लॉक उचलायचे, वाळू सारखी करायची, पुन्हा तेच बसवायचे. पाइपलाइन दुरुस्तीलाही तोडफोड नाही. गाडीसाठी ६० मिमी जाडीचाच घ्या, आणि कडेला कर्ब (काँक्रीटची पक्की कड) हवाच, नाहीतर ब्लॉक सरकतात. सांध्यांत गवत उगवतं, तेवढं काढावं लागतं.

छत असलेलं, पक्क्या मुरमावरचं पार्किंग असेल तर मी टाइल घेईन. उघड्यावर, काळ्या मातीत मात्र पेव्हरच.