कामठ्याला काय लावाल: बेलतेल, लाख की पीयू?

इंडियन राउंड या तिरंदाजीच्या स्पर्धाप्रकारासाठी बांबूचं धनुष्य, म्हणजे कामठा, घेतलं की पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न पडतोच. हार्डवेअरच्या दुकानात तीन पर्याय सहज मिळतात: बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, चपडी लाख आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. ओल पूर्ण अडवणारं यांत एकही नाही, ती फक्त सावकाश शिरते. पण ओल धरलेला बांबू मऊ पडतो, बाण ढिला जातो आणि दोरी उतरवली तरी धनुष्य वाकलेलंच राहतं. तेव्हा तो सावकाशपणाही मोलाचा.

बेलतेलाचा गुण असा की त्याचा वर जाड थर बसत नाही. धनुष्य कितीही वाकवा, तडकायला वर काही नसतंच. कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुसायचा कंटाळा केलात तर ते चिकट राहतं आणि मैदानाची सगळी धूळ गोळा करतं. ओल अडवण्यात मात्र तिघांत हेच कच्चं. आणि एक गोष्ट गंभीरपणे: तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा.

लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. एका दुपारी चार-पाच हात होतात. ओरखडा पडला तर नवा हात जुन्यात मिसळून जातो, दुरुस्तीला याच्याइतकं सोपं काही नाही. दमट हवेला ती चांगली अडवते, पण पाणी साचून राहिलं की पांढरे डाग पडतात. मुठीवर तर लाख नकोच. हाताला सॅनिटायझर लावून धनुष्य धराल तर पॉलिश तळहाताला येईल!

पीयू पावसाला सगळ्यांत खंबीर. पण फर्निचरसारखा जाड थर दिलात तर वाकणाऱ्या भागावर बारीक चिरा पडतात आणि मग चीर पॉलिशला आहे की बांबूला, हेच कळत नाही. ही माझी त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार. बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं लवचीक प्रकारचं घ्या, दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये बारीक पॉलिश पेपर फिरवा. खाली मेण न काढलेली लाख असेल तर पीयू धरत नाही, सोलून निघतं.

काहीही लावा, बांबूची पाठ, म्हणजे नेम धरताना निशाण्याकडे असणारी बाजू, आधी स्पिरिटने पुसा. ती गुळगुळीत, मेणचट असते. पेपर फिरवायचा तो नुसती चकाकी जाईल एवढाच. पाठीवरच सगळा ताण येतो, तिथले धागे कापले गेले तर धनुष्य मोडेल.

धनुष्य अजून तासून जुळवत असाल तर बेलतेल लावा, उद्या पुन्हा तासायला अडचण नाही. जुळवून झालं असेल आणि कोकणात किंवा कोल्हापूरच्या पावसात सराव असेल तर पीयू. विदर्भ-मराठवाड्यात, जिथे वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते, तिथे मी लाखच निवडेन आणि मुठीला चामडं गुंडाळेन.

फायबरच्या रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, यातलं काहीच लागत नाही. ओलसर फडक्याने पुसा, थिनर लावू नका, मेण फक्त दोरीला.