सीझर सॅलडसाठी 'अस्सल' म्हणून विकले गेलेले चीज : एक अनुभव

घरी अभिजात पद्धतीचे सीझर सॅलड करू पाहणाऱ्यांना नेमके कुठे गंडवले जाते, हे इतरांच्या वेळीच लक्षात यावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. रोमेन लेट्यूसची पाने, अंडे, लसूण, लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल, वूस्टरशायर सॉस, पावाचे कुरकुरीत तुकडे आणि किसलेले चीज एवढाच या सॅलडचा पसारा असतो. मेक्सिकोतील तिहुआना शहरात उपाहारगृह चालवणाऱ्या सीझर कार्दिनी या मूळच्या इटालियन गृहस्थांनी १९२४ साली ते पहिल्यांदा केले, असे सामान्यतः मानले जाते. अँकोव्ही मासळी वाटून घालण्याची रीत आज सर्वत्र रूढ असली तरी मूळ कृतीत तिची चव वूस्टरशायर सॉसमधूनच येत असे, कारण त्या सॉसमध्ये अँकोव्ही असते, असे सांगतात. इतक्या मोजक्या जिन्नसांच्या पदार्थात सगळी चव चीज आणि तेल या दोन गोष्टींवर तोललेली असते. या दोन्ही गोष्टी महाग असल्यामुळे बनवाबनवीही बहुधा त्यांच्यातच होते.

माझी खरेदी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून झाली. 'अभिजात सीझर सॅलडचा संपूर्ण संच' या नावाने तो अँकोव्हीचा डबा, 'एक्स्ट्रा व्हर्जिन' ऑलिव्ह तेलाची बाटली आणि किसलेल्या चीजचे पाकीट विकत होता. चीजच्या वर्णनात 'चोवीस महिने मुरवलेले अस्सल पार्मिजानो रेज्जानो, आमच्याकडे ताजे किसून पाकीटबंद केलेले' असे स्पष्ट शब्द होते, आणि शेजारच्या छायाचित्रात ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उमटवलेल्या सालीचे, चीजचे भलेमोठे गोल चाक दिसत होते. भावही अस्सल मालाचाच लावलेला होता. घटकांची यादी मात्र विक्रीच्या पानावर कुठेही दिलेली नव्हती. ती पाकिटाच्या मागे, घडीखाली दडलेल्या चिकटपट्टीवर, पाकीट हातात आल्यानंतरच वाचता येत होती.

शंका आली ती ड्रेसिंग करताना. लसूण आणि अँकोव्ही खलात मिठाबरोबर बारीक वाटून, त्यात अंड्याचा बलक आणि लिंबाचा रस घालून, तेलाची बारीक धार धरत मिश्रण फेटत नेले की ते हळूहळू दाटसर आणि चकचकीत होते. इथपर्यंत सगळे ठीक झाले. त्यानंतर चीज घातले आणि दोन-तीन मिनिटांत मिश्रणाची चकाकी गेली. ते राळ्यासारखे रवाळ आणि घट्ट झाले, चमच्यावरून ओघळेना, पानांवर पसरायचे सोडून जागोजागी गोळे होऊन बसले. चाखल्यावर जिभेवर पिठूळ थर राहिला. मुरलेल्या चीजचा सुक्यामेव्यासारखा, किंचित गोडसर आणि मागाहून खारट होत जाणारा स्वाद औषधालाही नव्हता. होता तो नुसता खारटपणा आणि मागे राहणारी आंबूस चव. पाकिटातला किस कोरडाच चाखून पाहिला तरी तोच प्रकार. दाणे सगळे एकसारखे, पांढरेफटक आणि बोटांत चोळले तर भुकटी होणारे होते, आणि चोळल्यावर बोटांना स्निग्धपणा जवळजवळ लागलाच नाही.

पाकिटामागची चिकटपट्टी उलगडल्यावर अत्यंत बारीक अक्षरांत घटक वाचायला मिळाले : चीज, स्टार्च, सेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंची) भुकटी म्हणजेच ई ४६०, आणि पोटॅशियम सॉर्बेट हे परिरक्षक म्हणजेच ई २०२. खात्रीसाठी चिमूटभर किस बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला. तांबूस थेंब किसाला लागताच दाण्यांच्या कडा जांभळट झाल्या आणि पाहता पाहता सगळा पुंजका निळा-काळा पडला. स्टार्च असल्याची ही ठळक खूण आहे. मात्र या चाचणीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. सेल्युलोजवर आयोडिन असा रंग देत नाही, त्यामुळे रंग बदलला नाही म्हणून माल शुद्ध ठरत नाही. चाचणीला लावलेला किस अर्थातच पोटात जाऊ देऊ नये.

स्टार्च किंवा सेल्युलोज हे पदार्थ विषारी नाहीत. किसलेल्या चीजचे गोळे होऊ नयेत म्हणून ते थोड्या प्रमाणात घालण्याची मुभा अनेक ठिकाणच्या नियमांत आहे, आणि साध्या किसलेल्या चीजच्या पाकिटावर त्यांचा उल्लेख असेल तर त्यात गैर काही नाही. माझा आक्षेप आहे तो पार्मिजानो रेज्जानो हे नाव लावून तसला माल विकण्याला. हे नाव केवळ चवीचे वर्णन नाही. इटलीतील पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोडेना हे प्रांत आणि बोलोन्या व मांतोव्हा या प्रांतांचा ठरावीक भाग एवढ्याच प्रदेशात, फक्त दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून मिळणारे, दूध गोठवणारे रेनेट वापरून, किमान बारा महिने मुरवलेल्या चीजलाच ते लावता येते. साधारण चाळीस किलोच्या एका चाकाला सुमारे साडेपाचशे लिटर दूध लागते, यावरून त्याची किंमत का चढते हे कळेल. त्यात परिरक्षक किंवा भर घालायला मज्जाव आहे. किसलेल्या स्वरूपात विकायचे झाल्यास त्यात सालीचे प्रमाण अठरा टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि किसून पाकीटबंद करण्याचे कामही त्याच प्रदेशात व्हावे लागते. म्हणजे 'आमच्याकडे ताजे किसून पाकीटबंद केलेले' हे जे वाक्य विक्रेता अभिमानाने मिरवत होता, तेच त्याचा दावा खोटा ठरवणारे होते. हा नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो आणि लबाडीला वाव मिळतो तो त्यामुळेच.

आणखी काही खुणा खरेदीआधी पाहता येतात. अस्सल चीजची फोड विकत घेताना तिला बाहेरची साल असावी आणि त्या सालीवर ठिपक्यांनी उमटवलेल्या नावाचा निदान काही भाग वाचता यावा. साल पूर्ण काढून टाकलेला चौकोनी, गुळगुळीत ठोकळा दिसला तर विक्रेत्याकडून मूळ वेष्टनाचे छायाचित्र मागवावे. आतला भाग फिक्या पेंढ्याच्या रंगाचा असतो, सुरीने सरळ कापला न जाता दाणेदार कपच्यांनी तुटतो, आणि दीर्घकाळ मुरलेल्या चीजमध्ये दाताखाली कुरकुरणारे बारीक पांढरे कण असतात. ते कण म्हणजे मुरताना तयार झालेले टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक. अनेकजण त्यांना बुरशी समजून चांगला माल टाकून देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. 'शाकाहारी पार्मिजानो रेज्जानो' असे कुणी लिहीत असेल तर तो दावा खोटाच समजावा, कारण रेनेटचा नियम वर आलाच आहे. ज्यांना शाकाहारी चीज हवे आहे त्यांनी सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे, वेगळ्या नावाने विकले जाणारे कडक चीज खुशाल घ्यावे. सॅलड त्यानेही उत्तम होते, आणि असे चीज बहुधा स्वस्तही पडते.

नुसते 'पार्मेजान' हे नाव सर्वांत फसवे आहे. युरोपीय न्यायालयाच्या २००८ सालच्या निर्णयानंतर युरोपीय संघात या नावालाही संरक्षण मिळाले, पण अमेरिकेसह इतर काही देशांत तशा धाटणीच्या कुठल्याही कडक चीजला ते सर्रास लावले जाते. अमेरिकेत २०१६ साली तर शंभर टक्के पार्मेजान म्हणून विकल्या गेलेल्या किसात स्वस्त चीज आणि सेल्युलोज मिसळल्याच्या प्रकरणात एका कंपनीच्या प्रमुखांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. याउलट 'ग्राना पादानो' हे चीज नकली नसून स्वतंत्र संरक्षित नावाचे आहे. ते किमान नऊ महिने मुरवतात आणि सीझर सॅलडला ते चांगले शोभते. फसवणूक होते ती ग्राना पादानो पार्मिजानोच्या भावाने विकले जाते तेव्हा.

संचातील अँकोव्ही चोख होती. डब्यावर मासळी, तेल आणि मीठ एवढेच घटक होते आणि आत तेच निघाले. तेलाबद्दल तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. बाटलीवर हंगामाचे वर्ष नव्हते, तेल कुठे गाळले याचा पत्ता नव्हता, आणि चवीत ना कडवटपणा होता ना घशात होणारी ती मिरीसारखी चुरचुर. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल रसायनांशिवाय, केवळ यांत्रिक पद्धतीने काढलेले असावे लागते आणि त्यातील मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत असावी लागते, पण ही आम्लता घरी मोजता येत नाही. शीतकपाटात ठेवल्यावर गोठले तर तेल अस्सल, ही सर्वत्र सांगितली जाणारी परीक्षा भरवशाची नाही. हिरव्या रंगावरूनही काही ठरत नाही, म्हणूनच तज्ज्ञ चाखताना रंग न दिसणारे गडद पेले वापरतात. चांगले तेल मिक्सरच्या वेगाने फिरवल्यास ड्रेसिंग कडू होऊ शकते, तेव्हा तेवढ्यावरून विक्रेत्यावर आळ घेऊ नये. तेल हाताने फेटून पाहावे आणि मगच मत बनवावे.

विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा 'किस चिकटू नये म्हणून एवढे घालावेच लागते' असे पहिले उत्तर आले. नियमांचा दाखला दिल्यावर 'पार्मेजान आणि पार्मिजानो एकच आहे, आपला गैरसमज झाला आहे' असे सांगण्यात आले, आणि शेवटी 'उघडलेला खाद्यपदार्थ परत घेतला जात नाही' असे म्हणून त्यांनी हात वर केले. घटकांची यादी पाकीट हाती आल्याशिवाय दिसत नाही, चव ते उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडले की परत घेत नाहीत, अशी ही पक्की कोंडी आहे. मला त्यातून वाट मिळाली ती खरेदीच्या वेळी जपून ठेवलेल्या स्क्रीनशॉटमुळे, कारण तक्रारीनंतर थोड्याच काळात विक्रीच्या पानावरील 'अस्सल' हा शब्द नाहीसा झाला होता. जुन्या वर्णनाचा तो स्क्रीनशॉट, पावती, पाकिटाच्या दोन्ही बाजूंची आणि घटकांच्या पट्टीची छायाचित्रे असे सगळे जोडून पैसे ज्या कार्डावरून दिले होते त्या बँकेकडे रीतसर आक्षेप नोंदवला. चाचणीचा उल्लेख केला, पण भर दिला तो लेखी वर्णन आणि लेखी घटक यांतील विसंगतीवर, कारण ती कुणालाही नाकारता येत नव्हती. चीजचे पैसे परत मिळाले. तेलाचे मिळाले नाहीत, कारण प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय तो दावा टिकणारा नव्हता.

तो संच आजही त्याच चाकाच्या छायाचित्रासह आणि त्याच भावाने विक्रीला आहे. वर्णनात आता 'पार्मिजानो धाटणीचे' असे शब्द आहेत, आणि घटकांची यादी अजूनही दिलेली नाही.